हद्दीतलं बाळंतपण

१० जानेवारी १९४६, सांगली

माझा विसू गिरणीतून आला तो गुलाबी कागद फडकावतच. ‘आजार-फंडाची सुधारणा : कामगारबंधूंस निवेदन’. त्याने तो पुन्हा पुन्हा वाचून दाखवला. मला एकदाच पुरे झाला. ज्या कागदाची सुरुवात ‘गरीब बंधूंनो’ अशी असते त्याच्या शेवटापर्यंत गरीब बंधूंचं काहीतरी गेलेलं असतं, हा माझा आजवरचा अनुभव.

आतापर्यंत फंड साधा होता. पगारातून थोडं कापायचे. आजारी पडलं की कुणाही वैद्य-डॉक्टराची, कुठल्याही गावची चिठ्ठी दाखवायची, रोख हातात. कारभार गबाळा, पण माणसाच्या उपयोगी पडायचा. आता म्हणे खोट्या चिठ्ठ्या फार झाल्या. झाल्याच. आमच्या शेजारचा एक गृहस्थ मेव्हण्याच्या लग्नात चार दिवस जिलेबी हाणून आला आणि हगवणीची चिठ्ठी लावली. बरं, हगवण लागली असेलही. तर आता गावच्या हद्दीतलाच आजार, यादीतलेच डॉक्टर, रोख बंद, वर्गणी सगळ्यांना सक्तीची, मालकही त्यात भर घालणार. आणि तळाशी जाड अक्षरात : सभासदाच्या पत्नीच्या पहिल्या बाळंतपणाचा संपूर्ण भार फंड उचलील.

हे वाचताना विसू इंदूकडं बघून हसला. सुनेला पाचवा महिना चालू आहे. तिनं चुलीकडं तोंड फिरवलं.

कागद भाऊजींचा. माझे धाकटे दीर, वकील, फंडाचे कायदेशीर सल्लागार. भाषेवरून ओळखला. ‘उचलील’, ‘देईल’, ‘करील’. हा माणूस जन्मात कधी ‘केलं’ म्हणायचा नाही.

१४ जाने. संक्रांत

शाळेला सुट्टी. भाऊजी तिळगूळ द्यायला आले. जाऊबाई आणि त्यांची कुसुमही होती. कुसुमला साताऱ्याला दिलीय, पहिलटकरीण, दिवस भरत आलेत, म्हणून माहेरी आणली आहे. जाऊबाईंनी बाळंतविडा कसा शिवायला टाकलाय, डिंकाचा मालमसाला कुठून आणलाय, सगळं सांगितलं. इंदू ऐकत होती.

भाऊजी विसूला म्हणाले, “बघ, तुझं पोर फंडाचं पहिलं पोर! फोटो काढून साप्ताहिकात छापू.”

गोड बोलायचं ठरलेलंच आहे आज. मीही बोलले.

इंदूच्या पायांवर सूज आहे. पैंजण काढून ठेवले. म्हणते, उभं राहून येते सूज, आत्या. तिच्याएवढं उभं राहून मी आयुष्यभर शिकवलंय.

२० जाने.

थेटरात जाहीर सभा. विषय : फंडाची सुधारणा हवी की नको. बायका वर माडीवर, चिकाच्या पडद्याआड. खालून आमचं तोंड दिसत नाही, वरून त्यांची टकलं दिसतात.

पहिल्यांदा शेठ. म्हणाले, कामगार माझ्या लेकरासारखे, पण फुकट औषध मिळालं की माणूस मुद्दाम आजारी पडतो. म्हणजे टायफॉइड हौसेनं होतो. मग डॉक्टर मंडळींचे पुढारी उठले. “यादीत नाव घालून आम्हाला गिरणीचे नोकर करता? रोगी आणि डॉक्टर यांचं नातं पवित्र आहे.” पवित्र! गेल्या वर्षी आमच्या शिपाईबाईच्या नवऱ्याला यांनीच दारातून परत पाठवला होता, आधीचं राहिलं होतं म्हणून. मग वैद्यबुवा : आमची नावं यादीत का नाहीत, आयुर्वेद काय विलायतेहून आला? टाळ्या. शेवटी युनियनचे पुढारी. रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढणार आहेत. कशासाठी ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. बहुधा थेंबासाठीच.

भाऊजींनी समारोप केला. “मातृत्वाचा सन्मान करणारा हा पहिला फंड!” सगळी टकलं टाळ्यांनी हलली. बायकांनीही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असतील, माहीत नाही.

बोलाचाच भात, बोलाचीच कढी. जेवून उठले सगळे.

२८ जाने.

इंदूला यादीतल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. सबंध यादीत बाई एकच. वयानं तिशीतली, बोलणं तुटक, पण हात हलका. पाय दाबून बघितले, खळगा पडला. लघवी उकळून बघितली. मग इंदूला बाहेर बसवून मला आत बोलावलं.

म्हणाल्या : लघवीतून जायला नको ते जातंय. मीठ बंद. दगदग बंद. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर वेळ न घालवता मला बोलवा. झटके येतात, त्यात आई आणि मूल दोन्ही हातचे जातात. “आणि माहेर कुठलं?”

म्हटलं, जत.

“तिथं कोण आहे बघायला?”

म्हटलं, सुईण. आणि मेंढरं.

“मग पाठवू नका.”

एवढं सोपं असतं होय.

घरी येताना इंदूनं विचारलं, काय म्हणाल्या. म्हटलं, मीठ कमी खा म्हणाल्या. पोरगी शहाणी आहे, परत विचारलं नाही. रात्री आमटी अळणी केली, विसू तोंड वाकडं करून जेवला. त्याला सांगितलं नाही अजून. सांगायचं कसं तेच…

३ फेब्रु.

विसूला सांगितलं. त्याचा चेहरा पडला, मग लगेच उजळला. “पण आई, फंड आहे ना! बाळंतपण इथंच करू. डॉक्टरीणबाई यादीतच आहेत.” मलाही बरं वाटलं, खोटं का लिहू. भाऊजींच्या त्या ‘उचलील’वर पहिल्यांदा विश्वास ठेवावासा वाटला.

राहता राहिली विहीण.

९ फेब्रु.

गंगव्वा आल्या. जतहून, सर्व्हिस मोटारीच्या टपावर कळशी बांधून. कळशीत जतचं पाणी, फडक्यात जतची भाकरी. लेकीला पोर होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे त्यांच्यात फार कडक. लग्न झाल्यापासून तीनदा आल्या, तीनदा स्वतःचं पाणी पिऊन गेल्या. मी चहा टाकला, त्या हात जोडून ओट्यावर बसल्या.

“सातव्यात न्यायला येनार हाय आमी. सांगून ठेवतो.”

मी सगळं समजावलं. सूज, लघवी, झटके, डॉक्टरीणबाई, फंड. गंगव्वांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

“आवं विहीणबाई, तुमी शिकल्याल्या. पर पयलं बाळंतपण सासरी? मंग आमी मेलो काय? आमच्या गल्लीत काय सांगू? लेकीला आईच्या दारात पाय ठिवू दिला न्हाई म्हनून?”

मी म्हटलं, तुम्ही इथं येऊन राहा.

“आनि काय खाऊ? वारा?”

इंदू दाराआड. मी तिला म्हटलं, तुला काय वाटतं गं? ती म्हणाली, “आत्या, मला आई जवळ पाहिजे.” डॉक्टर पाहिजे असं नाही म्हणाली. वयच काय तिचं.

मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. त्या बाईचा नव्हे, तिची भाकरी वाळून कडंग झालेली दिसत होती. या रीतीचा. आणि ती रीत माझ्यातही आहेच : विसूच्या वेळी मीही आष्ट्याला माहेरी गेले होते आणि दुसऱ्या कुठं बाळंत होता येतं हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

१० फेब्रु.

सकाळी गंगव्वा निघायच्या आत एक सुचलं. रात्रभर ते डोक्यात घोळत असणार. दोन गल्ल्या सोडून, गणपतीच्या देवळामागं, सोनारणीची खोली रिकामी आहे. म्हटलं, गंगव्वा, ती खोली तुमच्या नावानं घेऊ. तुमची चूल, तुमची कळशी, तुमचं पीठ. दाराला तुमच्या हातचं तोरण. ते तुमचं घर. लेक माहेरी आली. सांगली काय आणि जत काय.

गंगव्वांनी तोंडावर पदर धरला. वाटलं, रागावल्या. हसत होत्या.

“व्हय की! म्हायेरच उचलून आनायचं!” मग एकदम गंभीर. “पर भाडं आमी देनार. तुमी दिलं तर त्ये म्हायेर न्हवं.”

कबूल. लेकीचं पाणी न पिणारी बाई लेकीच्या सासूचं भाडं कशी घेईल. कबूल, कबूल.

आज पहिल्यांदा जेवण गोड लागलं, अळणी असून.

२४ फेब्रु.

माहेर आलं. सुभेदार, म्हणजे व्याही, पलटणीतून नुकतेच सुटून घरी आलेत. ते स्वतः पोचवायला आले. सोबत ज्वारीचं पोतं, दोन घागरी, एक पाटा. गंगव्वांनी खोलीच्या दाराला आंब्याचं तोरण लावलं, उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिलं, इंदूला ओवाळून आत घेतलं. पोरगी रडली. मीही माझ्याच गल्लीत उभी राहून सुनेला माहेरी पाठवल्यासारखी रडले. बाकीच्या बायका माझ्याकडं वेड्यासारख्या बघत होत्या.

सुभेदारांना फंडाचं सांगितलं. यादी, हद्द, सुधारणा. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “आमच्या पलटणीत मानूस कुठं पडला त्ये कुनी इचारत न्हवतं, बाई. पडला म्हंजे उचला. तुमचं लय कायद्याचं दिसतंय.”

मी म्हटलं, माझे दीर वकील आहेत.

“मंग बराबर हाय.”

४ मार्च

हळदीचे दिवस. पेठेत उकळलेल्या हळदीचा वास, पुस्तकांना, साडीला, भाताला. माडीवरच्या वर्गात पोरी शिंकतात.

फंड मंजूर झाला म्हणे, नवे नियम पहिल्या तारखेपासून लागू. विसूनं बाळंतपणासाठी अर्ज दिला. मी म्हटलं इतक्या लवकर का, तर म्हणे आधी नोंद असावी लागते. डॉक्टरीणबाईंना फंडाची चिठ्ठी मिळाली म्हणजे त्या खोलीवर येऊन तपासतील. इंदूचा चेहराही सुजलाय. सकाळी अंगठी निघेना, साबण लावून काढली.

कुसुमला मुलगा झाला, भाऊजींकडं. शहरातला नावाजलेला डॉक्टर घरी येऊन गेला. बारशाला गेले. भाऊजी नातू मांडीवर घेऊन बसले होते, हसरे. माणूस तेवढ्यापुरता बरा वाटला.

१२ मार्च

अर्ज नामंजूर.

कारण एका ओळीत : ‘सभासदाच्या पत्नीचा मुक्काम सभासदाच्या राहत्या घरी नसल्याने’.

विसू कागद हातात घेऊन ओट्यावर बसून राहिला. मी म्हटलं, अरे पण हद्दीत आहे ना! यादीतले डॉक्टर आहेत ना! तो म्हणाला, आई, नियमात दोन्ही आहे. गावाच्या हद्दीत आणि सभासदाच्या राहत्या घरी. दुसरं त्या गुलाबी कागदावर नव्हतं. नियमांत आहे.

दोन गल्ल्या! फक्त दोन गल्ल्यांचं अंतर, मेल्यांनो!

१३ मार्च

शाळा सुटल्यावर सरळ भाऊजींकडं. ते आरामखुर्चीत, समोर पानाचा डबा. मी उभीच राहिले.

सगळं शांतपणे सांगितलं. चूक झाली असेल, दुरुस्त करून द्या, म्हटलं. आजारी पोर आहे.

भाऊजींनी सुपारी कातरत हे सांगितलं, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही :

“वहिनी, चूक कशी? मीच घातलंय ते. शेठ बाळंतपणाला तयारच होईनात. म्हटलं, शेठ, खुशाल घाला. पहिलं बाळंतपण सासरी कोण करतं? सगळ्या पोरी आपापल्या गावी जातात. कलम दिसायला छान, टाळ्या पडतात, आणि फंडाला तोशीस नाही. कुणाचं नुकसान झालं त्यात? आता तुमच्या विहिणीनं गावात खोली घ्यावी हे काय मी धरलं होतं! बरं, आणा तिला परत घरी. लगेच मंजूर करतो.”

आणि हसले. खरंच गंमत वाटत होती त्यांना.

आत पाळण्यात कुसुमचं पोर रडत होतं. स्वतःची लेक साताऱ्याहून माहेरी आणलेला माणूस. स्वतःची लेक आणताना सुचलं, म्हणूनच लिहिलं असेल. कुंपणच शेत खातंय आणि वर सांगतंय की शेताला काय झालं.

मी पाणीसुद्धा न घेता उठले. जाऊबाई मागनं हाका मारत होत्या. वाटेत थुंकले. शाळेत शिकवणाऱ्या बाईनं रस्त्यावर थुंकू नये. थुंकले.

१४ मार्च

गंगव्वांना विचारलं, इंदूला बाळंतपणापुरती घरी नेऊ का? त्या दाराच्या तोरणाकडं बघत राहिल्या, सुकलेलं. इंदूच म्हणाली, “नको आत्या, आई तिकडं येऊन बसेल आणि उपाशी राहील. आठ-आठ दिवस. तुम्हाला माहीत नाही ती.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हलवूच नका, कुठंही नको. चिठ्ठी नसली तरी मी येईन. येतात बिचाऱ्या. पण आल्या की नुसत्या इंदूचे डोळे बघतात आणि बॅग बंद करतात, ते मला आवडत नाही.

२० मार्च

साप्ताहिकात फंडावर पत्रव्यवहार. एकानं लिहिलंय सुधारणेने गरिबांचं कल्याण. दुसऱ्यानं लिहिलंय सुधारणेने गरिबांचा नाश. दोघांची नावं माहीत आहेत, दोघांच्या घरी मोटार आहे. तिसऱ्याचं पत्र ‘एक कामगार’ या नावानं. भाऊजींचं. भाषा ओळखली. ‘होईल’.

रविवारी परत जाहीर सभा. तक्रारींची सुनावणी म्हणे.

विसू म्हणतो, आई, तू काही बोलू नको, काका रागावतील. पोराला नोकरी आहे, मला समजतं. मी हं म्हटलं. हं म्हणजे हो नव्हे.

२४ मार्च

तीच सभा, तेच थेटर. वर माडीवर आज गर्दी होती. गिरणीतल्या बायका आल्या होत्या, तंबाखूच्या पेठेतल्याही. तक्रारी एकापाठोपाठ. एक म्हातारा म्हणाला, मी कोरेगावला भावाकडं गेलो होतो, तिथं ताप आला, तिथल्या डॉक्टरानं दिलेलं औषध धरत नाहीत. अध्यक्ष म्हणाले, हद्दीबाहेर. दुसरा : माझा पाय जत्रेत मोडला. हद्दीबाहेर. तिसरा : आमच्याकडं रात्री यादीतला डॉक्टर आलाच नाही. अध्यक्ष म्हणाले, तो स्वतंत्र विषय.

मग भाऊजी उठले. मातृत्वाचा सन्मान पुन्हा. अजून एकाही भगिनीनं तक्रार केलेली नाही, म्हणाले.

मी चिकाचा पडदा बाजूला सारला. उठले. आवाज वर्गातला लावला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

“एक विचारायचंय. खाली बसलेल्या मंडळींपैकी ज्यांच्या लेकींचं पहिलं बाळंतपण सासरी झालं, त्यांनी हात वर करा.”

माना वर वळल्या. अध्यक्ष चष्मा पुसायला लागले. कुणाचा हात वर नाही. शेठचा नाही. युनियनच्या पुढाऱ्याचा नाही. डॉक्टरांचा नाही. भाऊजी टेबलाकडं बघत होते.

“मग हे कलम कुणासाठी लिहिलंत?”

तेव्हा माडीवरच्या बायका हसल्या. आधी एक तंबाखूवाली, मग सगळ्या. मला टाळ्या नको होत्या, हसणंच हवं होतं. पुरुषांना बाईच्या रडण्याची सवय असते. खाली दोन-चार कामगारही हसायला लागले. मग ओरडाआरडा. “वाचून दाखवा नियम! पूर्ण वाचा!”

अध्यक्षांनी घंटा वाजवली. विषय महत्त्वाचा आहे म्हणाले, उपसमिती नेमू. उपसमितीत शेठ, डॉक्टर मंडळींचे पुढारी, आणि अध्यक्ष म्हणून भाऊजी. पालथ्या घड्यावर पाणी. हीच माणसं, बसायची खुर्ची तेवढी बदलणार.

विसू घराच्या पायरीशी म्हणाला, “आई, तुझा आवाज पार स्टेजवर ऐकू आला.” एवढंच. रागावलाय की नाही कळेना.

२६ मार्च

भाऊजींकडून निरोप नाही. जाऊबाईंकडून निरोप : तुमच्यामुळं ह्यांना जेवण जाईना. लेकी बोले सुने लागे, तसा मोलकरणीच्या तोंडून पाठवला. मी मोलकरणीला म्हटलं, सांग, अळणी करून बघा, जातं.

इंदूला भेटायला गेले. गंगव्वांनी तिच्या पायाला कोमट पाणी लावून बसवलं होतं. तोंडानं कानडीत काहीतरी गाणं. इंदू लहानपणी झोपायची नाही तेव्हाचं म्हणे. पोरीचे पाय खांबासारखे झालेत. तिनं माझा हात धरून विचारलं, “आत्या, सभेत खरंच सगळे हसले?” म्हटलं, सगळे. ती हसली. मग डोकं धरलं. जरा दुखतंय म्हणाली. डॉक्टरीणबाईंना लगेच बोलावून आणलं; खोलीत अंधार करून पडून राहू द्या म्हणाल्या.

३१ मार्च

उपसमितीचं पत्र आलं. आपल्या सूचना मांडण्यास रविवारी यावे. ‘विचार केला जाईल’.

जाईन. पण काय मांडू? की बाई जिथं पडेल तिथं तिला उचला. सुभेदारांचंच वाक्य. दुसरं काही सुचत नाही, आणि लागतही नाही.

२ एप्रिल

दुपार. घरात मी एकटी. घाईत लिहितेय, अक्षर बघू नये.

सकाळी पाडव्यासाठी काठी धुवून ठेवत होते. दारात गंगव्वा. अनवाणी, पदर खाली, पळत आलेल्या. “इंदू… हातपाय… डोळं पांढरं…” ओट्यावरच बसणारी ती बाई तशीच घरात घुसली, रांजणाशी गेली, तांब्या बुडवून घटाघटा प्यायली आणि पुन्हा पळत सुटली. मी तिच्यामागं.

डॉक्टरीणबाई आल्या. इंदूच्या दातांत फडकं घातलं होतं गंगव्वांनी. झटका थांबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथं माझ्याच्यानं होणार नाही, मिरजेला मिशनच्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता. विसू गिरणीतून आला होता. तो एकदम म्हणाला, “पण मिरज हद्दीबाहेर…” मग स्वतःच मोटार बघायला धावला. मी त्याच्या तोंडात मारली असती. मारली नाही, कारण तोंडातून निघालेलं ते त्याचं नव्हतं. भाऊजींचं होतं, शेठचं होतं, त्या सगळ्या टकलांचं होतं. पोराच्या तोंडात ते इतक्या लवकर कसं शिरलं!

कापसाच्या आडत्याची मोटार मिळाली. मागं इंदू, तिचं डोकं गंगव्वांच्या मांडीवर. पुढं विसू आणि डॉक्टरीणबाई. मला जागा नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कपडे, चादरी घेऊन मागनं या. दुपारच्या गाडीनं निघायचंय. गाठोडं बांधून झालंय.

भाऊजींचा मुलगा येऊन गेला. बाबांनी विचारलंय, काही हवं का. म्हटलं, रविवारी उपसमितीची सभा मी चुकवणार नाही, एवढं सांग.

रांजणापाशी तांब्या तसाच कलंडलेला आहे. इंदूला अजून मूल झालेलं नाही, आणि गंगव्वा माझ्या घरचं पाणी पिऊन गेली. तिला ते कळलंसुद्धा नाही. मिरजेच्या वाटेत तरी आठवू नये.

तांब्या उचलला नाही. घोट दोन घोट पाणी आहे त्यात अजून. गाडीची वेळ झाली.